धरणे कोणाच्या दारी धरावे?

पैसा एकाच्या हातून सुटला म्हणजे तो दुसऱ्याच्या हाती पडलाच पाहिजे, ही गोष्ट आपल्या वाडवडिलांना इतकी स्वयंसिद्ध वाटत असे की तिच्यासाठी कोणा शास्त्रकाराने सूत्र रचले नाही आणि कोणा स्मृतिकाराने प्रायश्चित्तही सांगून ठेवले नाही. देणाऱ्याने द्यावे, घेणाऱ्याने नोट उजेडाकडे धरून, उलटीसुलटी करून कनवटीस लावावी, आणि त्या व्यवहाराचा इतिहास तेथेच समाप्त व्हावा, असा यच्चयावत् जगाचा परिपाठ होता. परंतु पैसा देणाऱ्याच्या खात्यातून निःसंशय गेला आहे, घेणाऱ्याच्या खात्यात तितकाच निःसंशय आलेला नाही, आणि मधल्या काळात त्याचा मुक्काम कोठे आहे हे सांगण्यास त्रैलोक्यात कोणीही बांधलेला नाही, अशी जी एक विलक्षण अवस्था आहे, तिचा साक्षात्कार मात्र आपल्या पिढीसाठी राखून ठेवलेला होता. जागृती, स्वप्न, सुषुप्ती आणि तुर्या अशा चार अवस्था वेदान्त्यांनी वर्णिल्या आहेत. मोबाइलच्या काचेवर गरगर फिरणारे ते लहानसे वर्तुळ पाहत दुकानाच्या फळीपुढे उभ्या असलेल्या गृहस्थाची अवस्था यांपैकी कोणती, याचा निर्णय एखाद्या पीठाच्या आचार्यांनी लवकर दिला तर बरे होईल, कारण त्या गृहस्थाच्या मागे रांग लागलेली असते.

मोबाइलवरून पैसे धाडण्याच्या या योजनेची जन्मपत्रिका उत्तम ग्रहांची आहे, हे आरंभीच नमूद केले पाहिजे. रिझर्व्ह बँक आणि भारतीय बँकांचा संघ यांच्या पुढाकाराने २००८ साली नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ही संस्था स्थापन झाली. तिने सिद्ध केलेल्या ‘यूपीआय’ नामक पद्धतीचे उद्घाटन ११ एप्रिल २०१६ रोजी मुंबईत रिझर्व्ह बँकेचे तत्कालीन गव्हर्नर रघुराम राजन यांच्या हस्ते झाले. आणि बालकाचे बारसे उरकून सात महिने होतात न होतात तोच, ८ नोव्हेंबरच्या रात्री पाचशेच्या व हजाराच्या नोटा रद्द झाल्याची घोषणा होऊन, जे काम शेकडो प्रचारकांच्या व्याख्यानांनी दहा वर्षांत झाले नसते ते बँकांच्या दारांतील रांगांनी दोन महिन्यांत मार्गी लावले. ऑगस्ट २०२३ मध्ये एका महिन्यातील व्यवहारांची संख्या एक हजार कोटींच्या पलीकडे गेली, आणि पुढे दोनच वर्षांनी, ऑगस्ट २०२५ मध्ये, तिने दोन हजार कोटींचीही मर्यादा ओलांडली. एवढ्या अवाढव्य उलाढालीत हजारांत एखादाच व्यवहार अडतो असे क्षणभर धरून चालले, तरी महिन्याकाठी अडलेल्यांची संख्या दोन कोटी भरते. हे दोन कोटी लोक आपली फिर्याद घेऊन कोणाच्या दारी जाऊन उभे राहतात, एवढाच माझ्या जिज्ञासेचा विषय आहे.

एरवी या पद्धतीचे उपकार मोजावयाचे झाल्यास सुट्ट्या पैशांपासून आरंभ करावा लागेल. एस. टी.च्या कंडक्टरने तिकिटाच्या पाठीवर पेनाने लिहून दिलेले दोन रुपयांचे येणे वसूल करण्यासाठी भल्याभल्या प्रतिष्ठित गृहस्थांनी उतरण्याच्या घाईत गाडीच्या दारात आडवे उभे राहणे. वाण्याने रुपयाच्या ऐवजी हातावर ठेवलेली लिमलेटची गोळी, तोंडात दात नसतानाही, निमूटपणे खिशात टाकणे. आणि रिक्षावाल्याने ‘सुट्टे नाहीत’ असे म्हणून वैराग्याने आकाशाकडे पाहणे, या राष्ट्रीय दुःखांतून या एका योजनेने आपणांस सोडविले आहे. आता सत्तेचाळीस रुपये म्हणजे सत्तेचाळीसच. अठ्ठेचाळिसाव्या रुपयाचा वाद संभवतच नाही. परंतु त्या जुन्या वादात एक सुख होते, आणि ते नाहीसे झाल्यावर आम्हांला त्याची किंमत कळली. ज्याच्याशी वाद घालावयाचा तो मनुष्य समोर उभा असे, त्याला तोंड असे, आणि तो खरा की लबाड याची परीक्षा त्या तोंडावरून होत असे.

नव्या व्यवहारात तोंडाच्या जागी एक चौकोन आला. १९९४ साली जपानमधील डेन्सो वेव्ह या कंपनीतील मासाहिरो हारा नामक अभियंत्याने मोटारींच्या सुट्ट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी काळ्यापांढऱ्या ठिपक्यांची ही ‘क्यूआर’ चौकट प्रथम रचली. मोटारीच्या कारखान्यासाठी जन्मास आलेली ती चौकट आज मेथीच्या जुड्यांशेजारी, केशकर्तनालयाच्या आरशावर, देवळातील दानपेटीवर, लग्नमंडपात आहेर मांडण्याच्या टेबलावर, इतकेच काय पण नंदीबैलाच्या कपाळावरही विराजमान झालेली आहे. तिचे वैशिष्ट्य असे की ती मनुष्याच्या डोळ्यास वाचता येत नाही. मोडी न येणाऱ्या माणसालाही आपल्यापुढचा कागद मोडीत आहे एवढे तरी कळत असे, आणि तो कोणा जाणत्याकडे नेऊन वाचून घेता येत असे. ही चौकट मात्र पंडितास आणि निरक्षरास सारखीच अगम्य आहे, आणि या अर्थाने तिच्याइतकी समतावादी लिपी दुसरी नसेल. रात्री कोणी येऊन दुकानदाराच्या चौकटीवर आपली चौकट डकवून गेला, तर दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक इमानाने पैसे देत राहते, दुकानदार इमानाने माल देत राहतो, आणि तिसराच एक इसम त्या दोघांच्या इमानावर आपला प्रपंच चालवितो. असे प्रकार घडलेले आहेत, आणि त्यांत फसलेल्या दोघांपैकी एकानेही काही गैर केलेले नसते.

दुकानदारही काही साधा राहिलेला नाही. गिऱ्हाइकाने मोबाइल पुढे करून दाखविलेली हिरवी खूण खरी, की कोणा चतुराने बनविलेल्या नकली ॲपातून उमटलेले नुसते चित्र, याचा भरवसा नाहीसा झाल्यामुळे, त्याने आपल्या फळीवर एक बोलती पेटी आणून ठेवली. आलेली रक्कम ती खणखणीत आवाजात जाहीर करते. काही पेट्यांमध्ये तर २०२४ पासून अमिताभ बच्चन यांचा आवाज भरण्याची सोय झालेली आहे. ज्या आवाजाने अर्ध्या शतकापूर्वी पडद्यावरील खलपुरुषांचा थरकाप उडविला, तो आवाज आता आपण दहा रुपयांची कोथिंबीर घेतल्याचे वर्तमान सबंध मंडईला निवेदन करतो, आणि आपण मान खाली घालून पिशवी उचलतो. पूर्वी घासाघीस करून स्वस्तात घेतलेली वस्तू शेजारणीला महाग सांगण्याचे, किंवा महाग घेतलेली घरी स्वस्त सांगण्याचे जे एक गृहस्थाश्रमी स्वातंत्र्य होते, ते या पेटीने पार हिरावून घेतले. परंतु याहूनही बिकट प्रसंग ती पेटी बोलते तेव्हा येत नाही; ती बोलत नाही तेव्हा येतो.

आमच्या आळीतील पिठाच्या गिरणीवर एका सायंकाळी माझ्या बाबतीत असेच झाले. दळण झाले, मी चौकटीवर मोबाइल धरला, गुप्त अंक टाकला, खात्यातून पैसे वजा झाल्याचा संदेशही आला, पण पेटी आपली मुकीच.

“काका, पेटी बोलली नाही,” गिरणीवाला म्हणाला.

“अहो, माझ्या खात्यातून गेले की!”

“तुमच्याकडून गेले असतील. माझ्याकडे आले नाहीत.”

या दोन विधानांत परस्परविरोध मुळीच नव्हता, आणि तोच तर पेच होता. मागे उभ्या असलेल्या मंडळींनी आपल्या समाजाच्या रीतीस अनुसरून तत्काळ वैद्यकी सुरू केली. एकाने मोबाइल बंद करून पुन्हा चालू करण्याची मात्रा सुचविली. दुसऱ्याने तो उंच धरून रस्त्यापर्यंत जाऊन येण्यास सांगितले. तिसऱ्याने ‘परत एकदा टाका, पहिले आपोआप येतील’ असा, दुसऱ्याच्या पैशाविषयी मनुष्यास नेहमीच सुचणारा, उदार उपाय सांगितला. शेवटी गिरणीवाल्यानेच पिठाचा डबा माझ्याकडे सरकवून निकाल दिला, “राहू द्या काका, दळण न्या. आले तर आले, नाही तर पुढल्या खेपेस बघू.” ज्या प्रश्नाचा उलगडा दोन बँका, एक ॲप आणि एक राष्ट्रीय संस्था यांना मिळून होईना, तो या पीठ उडालेल्या भुवयांच्या माणसाने माझ्या तोंडाकडे एकदा पाहून निकालात काढला. तो ज्या विश्वासावर चालला त्याला भांडवल लागत नाही आणि विजेच्या तारेचीही गरज नसते.

आता हे पैसे अडकतात तरी कोठे, याची चौकशी केली असता जी हकिकत कळते ती मनोरंजक आहे. पाठविणाऱ्याचे ॲप हुकूम घेते. तो हुकूम त्याच्या बँकेकडे जातो आणि बँक गुप्त अंक पडताळून रक्कम वजा करते. मधोमध बसलेली नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन पलीकडच्या बँकेला ‘जमा करा’ असे कळविते. ती बँक जमा करून होकार धाडते. आणि तो होकार आल्या वाटेने परत येऊन काचेवर हिरवी खूण उमटते. सारे सुरळीत असेल तर ही यात्रा काही सेकंदांत उरकते. परंतु या यात्रेत पैसा स्वतः प्रवास करीत नाही. प्रवास करतो तो निरोप. बँका आपसातील देण्याघेण्याची वजावट दिवसातून ठराविक वेळी करतात आणि शिल्लक राहील ती रक्कम रिझर्व्ह बँकेतील आपापल्या खात्यांवर चुकती करतात. तोवर एक बँक दुसरीच्या शब्दावर विसंबून असते. अर्थात विश्वास हा या सबंध यंत्राचा पाया आहे, हे खरेच. मात्र तो विश्वास बँकांनी आपसात वाटून घेतला असून गिऱ्हाइकाच्या वाट्याला धीर तेवढा ठेवलेला आहे.

क्वचित् एखादे दिवशी सर्वांचेच होकार एकदम अडतात. २६ मार्च २०२५ रोजी असे झाले, आणि पुन्हा पंधरवडा उलटतो न उलटतो तोच १२ एप्रिलला झाले. दुसऱ्या खेपेस वार शनिवार, आणि त्यातून हनुमान जयंती. तेल, रुईच्या पानांची माळ आणि नारळ यांचा जुडगा हातात घेऊन मोबाइल पुढे करणाऱ्या भक्तास ज्याने त्या दुपारी देवळाबाहेर पाहिले असेल, त्यास संकटमोचन या विशेषणाचे प्रयोजन नव्याने समजले असेल. त्याच्यापुढे दोनच मार्ग उरले होते. एक तर फुलवाल्याच्या उधारीवर मारुतीचे दर्शन घ्यावे, नाही तर रिकाम्या हाताने. पुष्कळांनी पहिला पत्करला असावा असा माझा अंदाज आहे, कारण या देशात देवाधर्माच्या कामी उधार नाकारणारा फुलवाला अजून जन्मावयाचा आहे.

निरोपावर पैसा चालविण्याची विद्या आपल्याकडे नवी आहे, असे मात्र कोणी समजू नये. हुंडीचा व्यवहार शतकानुशतके याच तत्त्वावर चालला. पुण्याच्या सावकाराने कागदाच्या चिठोऱ्यावर चार ओळी लिहून द्याव्यात आणि त्या दाखविताच काशीच्या पेढीवर यात्रेकरूस रोकड मिळावी. दर्शनी असेल तर दाखविताक्षणी, मुदती असेल तर मुदत भरल्यावर. कोणी आकड्यावर शून्य चढवू नये म्हणून रक्कम लिहिताना ‘निमे पन्नासाचे दुप्पट शंभर’ अशा थाटाने ती दोनदा बांधून टाकण्याचा प्रघात होता. हुंडी वाटेत गहाळ झाली तर तिच्याऐवजी ‘पैठ’ लिहून मिळे. पैठ हरवली तर ‘परपैठ’ मिळे. निरोप हा हरवणारच, हे त्या चोपडीवाल्या सावकारांनी गृहीत धरले होते आणि हरवल्यावर काय करावयाचे याची तजवीज निरोप निघण्यापूर्वीच करून ठेवली होती. आजच्या पद्धतीत ‘पैठ’ कोणी लिहावयाची, हा प्रश्न ज्याला त्याला दुसऱ्याच्या अखत्यारीतला वाटतो.

पावतीची महती तर आपल्याकडे देवादिकांनीही मानलेली आहे. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात बादशहाची धान्याची कोठारे रयतेस लुटविली, तेव्हा त्यांच्यावरील येणे फेडण्यासाठी साक्षात पांडुरंग सेवकाच्या वेषात बेदरच्या दरबारी गेला, ही कथा महिपतींनी भक्तविजयात वर्णिली आहे. विश्वाचे खाते ज्याच्या हाती, त्यानेही बादशाही कचेरीत भरणा केल्यावर रसीद हाती पडेपर्यंत काढता पाय घेतला नाही. भक्तवत्सलता वेगळी आणि दप्तर वेगळे, हा विवेक परमेश्वरापाशी होता. शिवाय ज्याच्या नावे भरणा झाला त्या दामाजीपंतास त्याची वार्ताही नव्हती, आणि ज्याच्याकडे झाला त्या बादशहाची तक्रार उरली नव्हती. पैसे पोचले आहेत आणि कोणी धाडले हे कळत नाही, अशा प्रकारचा घोटाळा आमच्या वाट्याला एकदाही येऊ नये, हा केवळ पुण्याईचा फरक होय.

हुंडी नाकारली गेली, की येणेकरी काय करी? तो सावकाराच्या ओसरीवर जाऊन बसे. तगादा लावी, तगाद्याने भागले नाही तर धरणे धरी. १८०९ साली शिंद्यांच्या छावणीत राहिलेल्या थॉमस ब्रॉटन या इंग्रज अधिकाऱ्याने आपल्या पत्रांतून या प्रथेची हकिकत लिहून ठेवली आहे. धरणेकरी उपाशी बसे, आणि तो उठेपर्यंत ज्याच्या दारी तो बसला त्यालाही अन्न गोड लागू नये, किंबहुना त्याने अन्न घेऊच नये, असा त्या प्रथेचा दंडक होता. तीत शास्त्र किती होते हा भाग वेगळा, परंतु सोय फार मोठी होती. धरणे धरावयास दार लागते, दाराआड मनुष्य लागतो आणि त्या मनुष्यास भूक लागावी लागते. सांप्रतच्या व्यवस्थेने या तीनही गोष्टींचा मोठ्या दूरदृष्टीने लोप केला आहे.

कारण दार शोधू लागावे तर प्रथम एक मंजुळ ध्वनी कानी पडतो, की आपला कॉल आमच्यासाठी अत्यंत महत्त्वाचा आहे. मग मराठीसाठी एक अंक, तक्रारीसाठी दुसरा, अन्य तक्रारीसाठी तिसरा असे दाबत दाबत आपण ज्या दिवाणखान्यात येतो तेथे पुन्हा तोच ध्वनी, तेच महत्त्व आणि वर एक सनई. ॲपमध्ये शिरावे तर तेथे बाईचे नाव धारण करणारे एक यंत्र ‘मी आपली काय मदत करू?’ असे विचारून, आपण काहीही लिहिले तरी कर्जाची माहिती पुढे करते. चिकाटीने एखादा हाडामांसाचा मनुष्य गाठलाच, तर तो बारा अंकी व्यवहार क्रमांक विचारून घेतो, पुन्हा एकदा विचारून घेतो, आणि मग म्हणतो की आमच्याकडून रक्कम गेलेली दिसते, आपण पलीकडच्या बँकेला विचारावे. पलीकडची बँक म्हणते की आमच्याकडे ती आलीच नाही, आपण ॲपवाल्यांना विचारावे. ॲपवाले म्हणतात की पैसे आम्ही ठेवीतच नाही, आपण आपल्या बँकेला विचारावे. यांतील प्रत्येकाचे म्हणणे अक्षरशः खरे असते. असत्याचा लवलेशही नसलेल्या इतक्या उत्तरांतून असा निखळ अन्याय निष्पन्न होताना पाहण्याचा योग न्यायशास्त्राच्या अभ्यासकांनी दवडू नये. त्या रात्री ‘आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे’ असा संदेश येतो, आणि पाठोपाठ, आमच्या सेवेस पाचांपैकी किती तारे द्याल, अशी पृच्छा येते.

या पार्श्वभूमीवर लफंग्याचे सौजन्य डोळ्यांत भरल्यावाचून राहत नाही. त्याला फोन आपणांस लावावा लागत नाही. तो आपण होऊन लावतो. तो आपणास नावाने ओळखतो, आदरार्थी बहुवचनाने बोलतो, आपल्या खात्याविषयी आपल्या बँकेने कधीही दाखविली नसेल एवढी कळकळ दाखवितो, आणि सनई ऐकवीत नाही. ‘आपले पैसे परत द्यावयाचे आहेत’ हे वाक्य ज्या तत्परतेने तो उच्चारतो, त्या तत्परतेने ते खऱ्या कचेरीतून कधी ऐकू आले असते, तर निम्मे लोक त्याला फसलेच नसते. पैसे घेण्यासाठी गुप्त अंक टाकावा लागत नाही, तो देण्यासाठी टाकावयाचा असतो, हा या शास्त्रातील आद्य नियम आहे. पण ‘येणारी रक्कम मंजूर करा’ असे मधाळ शब्दांत सांगून समोरच्याकडून तोच अंक टाकवून घेणे हा त्याचा हातखंडा. व्यक्तीने व्यक्तीकडे ॲपमधून रक्कम मागण्याची जी सोय होती, ती १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद करण्यात आली, ती या कारणानेच. मित्राकडून सिनेमाच्या तिकिटाचे पैसे मागण्यासाठी ठेवलेला दरवाजा चोरांनी इतका वापरला की अखेर भिंत बांधावी लागली.

त्याहून वरच्या श्रेणीचे लफंगे पोलीस अधिकाऱ्याचा गणवेश चढवून मोबाइलच्या पडद्यावर दर्शन देतात आणि सेवानिवृत्त मुख्याध्यापकास त्याच्याच बैठकीच्या खोलीत ‘डिजिटल अटक’ करतात. अशी कोणतीही अटक भारतीय कायद्यात नाही, हे सरकारने परोपरीने सांगितले. तथापि ज्याने जन्मभर घरपट्टी मुदतीपूर्वी भरली, त्याला सरकारी आवाजाची भीती अधिक वाटते, आणि ज्याने ती कधीच भरली नाही तो असा फोन आला की शांतपणे ठेवून देतो. सद्गुणावर बसलेला हा एक नवाच कर म्हणावा लागेल. त्यामुळे गोड बोलणाऱ्या प्रत्येकावर संशय घ्यावा, असा उपदेश बँका आता अहोरात्र करीत असतात, आणि लोकांनी तो इतका मनावर घेतला आहे की एखाद्या खऱ्याखुऱ्या बँक अधिकाऱ्याने कामासाठी फोन केलाच, तर त्याचे नाव, गाव आणि कुळ यांचा उद्धार होऊन मगच तो ठेवला जातो. खऱ्याचा फोन लागत नाही आणि खोट्याचा थांबत नाही, अशा काळात बिचाऱ्या प्रामाणिक अधिकाऱ्याने आपला प्रामाणिकपणा सिद्ध कसा करावा? फार तर त्याने उद्धटपणे बोलून पाहावे; ओळख पटण्याचा संभव आहे.

सुविधा शुल्क नावाचा आणखी एक प्रकार आहे. त्याचा उल्लेख केल्यावाचून हे प्रकरण पुरे होणार नाही. नाटकाचे तिकीट खिडकीवर जाऊन काढले, तर खिडकी, कारकून, कागद, शाई यांचा खर्च नाट्यगृहास पडतो, आणि तिकिटाची किंमत तेवढीच राहते. तेच घरबसल्या ॲपवर काढले, की यांपैकी एकही खर्च कोणास पडत नाही, आणि तो न पडल्याबद्दल आपणांकडून शुल्क घेतले जाते. प्रयोग रद्द झाला तर पुष्कळदा तिकिटाचे पैसे परत येतात, शुल्क येत नाही. कारण सुविधा तर आपण उपभोगलेली असते.

इतके सारे म्हटल्यावर, ज्या एका गोष्टीचा पत्ता फारच थोड्यांना आहे तिच्याकडे लक्ष वेधणे माझे कर्तव्य आहे. २० सप्टेंबर २०१९ रोजी रिझर्व्ह बँकेने एक परिपत्रक काढले. त्याअन्वये यूपीआयवरून एकाने दुसऱ्यास धाडलेली रक्कम खात्यातून वजा होऊनही पलीकडे जमा झाली नाही, तर ती व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत आली पाहिजे. दुकानदारास दिलेल्या रकमेची पोच त्यास मिळाली नाही, तर पाच दिवसांच्या आत आली पाहिजे. आणि ही मुदत टळल्यास पुढील प्रत्येक दिवसास शंभर रुपये या दराने गिऱ्हाइकास भरपाई मिळाली पाहिजे. एवढेच नव्हे, तर ही भरपाई गिऱ्हाइकाने मागण्याची वाट न पाहता बँकेने स्वतः होऊन खात्यात जमा करावी, असे त्यात स्वच्छ लिहिलेले आहे. सरकारी गद्यात इतके हृद्य वाक्य मी क्वचितच वाचले असेल. माझ्या दळणाच्या पैशांना परत यावयास त्या मुदतीहून कितीतरी अधिक काळ लागला; ते आले तेव्हा एकटेच आले, सोबत शंभराची एकही जोडी नव्हती. लेखी अर्ज करून परिपत्रकाचा दिनांक कळविल्यावर मात्र त्यांचे सोबती एकामागून एक येऊन पोचले, आणि गिरणीवाल्याचे पैसे देऊन वर चहाचाही खर्च निघाला.

तेव्हा वाचकांस विनंती एवढीच, की पैसे अडकल्यावर ‘जाऊ दे, पन्नास तर रुपये’ असे म्हणून सोडून देऊ नये. व्यवहार क्रमांक टिपून ठेवावा, बँकेकडे लेखी तक्रार करावी, तीत परिपत्रकाचा दिनांक घालावा, आणि तीस दिवसांत समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे अर्ज करावा. त्यास शुल्क पडत नाही. लफंग्याने लुबाडले असेल तर क्षणाचाही विलंब न लावता १९३० या क्रमांकावर कळवावे. गिरणीवाल्याने दाखविलेला विश्वास कायद्याने मागता येत नाही, पण शंभर रुपये रोज मागता येतात. धरणे धरण्यास ओसरी उरलेली नसली तरी उपाशी बसण्याची पाळी आता आपली नसून बँकेची आहे, आणि तिला तो उपास पुरता घडू द्यावा. त्या कामी भूतदया दाखवू नये.